बेलभंडारा उचलणार नाही

जाब्रिया, कुवैत
शुक्रवार, ५ सप्टेंबर

दादा,

पाया पडतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, धाकटा माजला.

शपथ मोडल्याचं मी सुजाताला सांगितलं, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. सुजाताच्या फोनवर बोलावं तर ती तुमच्या-माझ्या मधे उभी राहते. तुमचं वाक्य मऊ करून मला सांगते आणि माझं मऊ करून तुम्हाला. या वेळी मला काहीच मऊ करायचं नाही, म्हणून कागद घेतला. आमच्या डायलिसिस युनिटमधल्या रत्नमाला सिस्टर उद्या रजेवर चालल्यात. मुंबईत उतरल्या की कुरिअर करतील.

तुमचा निरोप मिळाला. सुखदाचं लग्न तीस नोव्हेंबरला. त्याआधी चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात, सगळ्या भावकीसमोर मी बेलभंडारा उचलायचा आणि दारू सोडल्याची शपथ घ्यायची. उचलला तर माझ्याच मुलीच्या कन्यादानाला मी आणि सुजाता बसायचं. नाही उचलला तर तुम्ही आणि वहिनी बसणार, आणि मी गावात पाऊल टाकायचं नाही.

दादा, मी लग्नाला येणार आहे. बेलभंडारा उचलणार नाही.

दोनदा उचलला. पहिल्यांदा वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर, तुम्हाला आठवत असेल. चार महिने टिकला. मग तुम्हीच युक्ती काढलीत. "कुवैतला दारूचं दुकानच नाही. सापडला तर थेट विमानात बसवतात. तिथं देवापेक्षा पोलीस कडक आहे." सगळ्या गावाला युक्ती पटली, मलाही पटली. तुम्ही रानातली कामं टाकून माझ्या कागदपत्रांसाठी मुंबईच्या खेपा घातल्यात. अकरा वर्षं झाली त्याला.

इथं दुकान नाही हे खरं आहे. ज्याला हवी असते त्याला ती पाण्याच्या बाटलीतून येते, कुणाच्या तरी न्हाणीघरात गाळलेली. दुकानातल्या बाटलीवर निदान कंपनीचं नाव तरी असतं.

दुसऱ्यांदा सहा वर्षांपूर्वी, सुजाता माहेरी निघून गेली तेव्हा. तुम्ही माझं मनगट धरून हात ताटात घातला होता. भंडाऱ्याच्या हळदीने नखं पिवळी असतानाच मी विमानात बसलो. अकराव्या दिवशी मोडला. नखांत पिवळेपणा होता अजून.

आता सोडली आहे. आज एकोणचाळीस दिवस झाले. जुलैत आमच्याकडे एक माणूस आला, तसलीच गाळलेली प्यायलेला. त्याचं रक्त मशीनमधून फिरत होतं तेव्हा मी समोर होतो. जीव वाचला, डोळे गेले. त्यानंतर मी घेतली नाही. इतकंच.

आणि मी एका मंडळीत जातो, दर शुक्रवारी. दारू सोडू बघणाऱ्यांची मंडळी. तिथं शपथ घेत नाहीत.

सुजाताला म्हणावं, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घे.

उदय


जाब्रिया
शुक्रवार, १९ सप्टेंबर

दादा,

निरोप पोचला. या वेळी सुजाताने मऊ केला नाही. "परक्यांपुढे नागडा होतो आणि देवापुढे जायला लाजतो." वाक्य चांगलं आहे. दोन दिवस ते डोक्यात घेऊन मी मशीनं धुतली. आता उत्तर देतो.

परके कोण, ते तरी ऐका.

जुलैनंतर माझे हात थरथरत होते. रत्नमाला सिस्टर एकदा म्हणाल्या, "उदयभाऊ, तुमच्या हातात आज सुई दिली तर पेशंट मशीन घेऊनच पळेल." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दुपारी चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला. म्हणाल्या, "माझा भाऊ सावंतवाडीला अशा मंडळीत बसतो. इथेही आहे, पण पाटी नाही."

पाटी नाही म्हणजे काय ते मला अहमदीला गेल्यावर कळलं. तेल कंपनीने वसवलेलं जुनं गाव. सारखे बंगले, सारखी कुंपणं, सारखी झाडं. नंबर लावला तर एक माणूस म्हणाला, "हरा गेट." तिथं निम्मी गेटं हिरवी. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, विचारायला गेलो आणि तोंडात शब्दच येईना. ज्या मुलखात पिणं हाच गुन्हा, तिथं पिणाऱ्यांचा पत्ता काय म्हणून विचारायचा? म्हणालो, "इधर मीटिंग किधर होती है?" दुकानदार म्हणाला, "कौन सी? इन्शुरन्स वाली?" मी हो म्हणालो. त्याने मला खरंच एका विमा एजंटाच्या दारात नेऊन सोडलं. एक शुक्रवार तिथं गेला. दुसऱ्या शुक्रवारी गेट सापडलं, आत जायचा धीर झाला नाही. तिसऱ्या शुक्रवारी गेलो.

दहाबारा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासात चहा. माझी पाळी आली तसा मी उभा राहिलो. गुरुजींनी लहानपणी शिकवलेलं तसंच्या तसं बाहेर पडलं. उदय नारायण खोमणे, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, हॉस्पिटलचं नाव, कितवा मजला, सगळं. समोरचे दोघे खाली बघायला लागले. एकाने उठून खिडकी लावली. तिथं आडनाव सांगत नाहीत, दादा. नाव बाहेर गेलं तर नोकरी जाते आणि इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, तोही जातो.

मंडळी चालवणारे फैसल नावाचे कुवैती गृहस्थ आहेत, तेल कंपनीतून निवृत्त झालेले. हिंदी त्यांच्या घरच्या स्वयंपाक्याकडून शिकलेले. म्हणाले, "बस, बस, उदय. सिर्फ उदय. बाकी सब घर पे रखो."

मी तरी थांबलो नाही. उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, खंडोबाची शपथ, आजपासून थेंब घेणार नाही.

फैसलनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. "कसम नहीं. कसम हमारे पास बहुत है. मैं तीन बार मक्का, उमरा जा के खाया, तीनों टूटा. आज पिया?"

"नहीं."

"तो बैठो. चाय पियो."

शेजारी जवेरिया नावाच्या हैदराबादच्या बाई होत्या, शाळेत शिकवतात. त्या हळूच म्हणाल्या, "भाई, जो कल की बात करते ना, उनको इधर बगैर शक्कर की चाय मिलती."

हसले सगळे. माझ्या दारूवरून लोक हसले आणि मला राग आला नाही, असं पहिल्यांदा झालं.

आता देवाचं. सकाळी ड्युटीला जाण्याआधी मल्हारीच्या तसबिरीसमोर मी उभा राहतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पूर्वी मी जन्मभराचं बोलायचो. आता म्हणतो, देवा, आजचा दिवस दे. तो देतो. मोठं बोलून त्याला फसवायचं मी बंद केलंय. याला तुम्ही लाजणं म्हणत असाल तर म्हणा.

उदय


जाब्रिया
शनिवार, ११ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा. वहिनींना नंतर सांगायचं तर सांगा.

जुलैत एक माणूस आला, असं मी लिहिलं होतं. तो नीलेश.

माझ्या खोलीतला नीलेश, लातूरचा, अकाउंटंट. चार वर्षं आमच्या खाटा समोरासमोर होत्या. व्हिडिओवर सुजाताला "वहिनी, ठेचा संपला, उपास पडलाय" म्हणून सतावायचा, तोच.

बाटली माझी होती. नेहमीच्या माणसाकडून मी आणली होती, शुक्रवारसाठी. मला डबल ड्युटी लागली. नीलेशने ती माझ्याआधी उघडली. महिन्यातून एखाद्या वेळी घेणारा माणूस. सोमवारी दुपारी त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. "समोर सगळं पांढरं दिसतंय" म्हणत होता.

डॉक्टर बुशरांनी मला बाहेर बोलावलं. "आपका रूममेट है ना? क्या पिया है इसने? कुछ भी पता हो तो बोलिए."

मी म्हणालो, "नहीं डॉक्टर, मुझे नहीं पता."

मला पता होतं, दादा. अर्धा तास मी काही बोललो नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो म्हणून अर्धा तास असं नक्की सांगू शकतो. मग जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, धावल्या. औषध सुरू झालं, मशीन लागलं, ते मीच लावलं. दुसऱ्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "यह आप आधा घंटा पहले बोल सकते थे."

त्या अर्ध्या तासात नीलेशचे डोळे गेले की आधीच गेले होते, ते मला कधीच कळणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, कोणीच सांगू शकत नाही.

पोलीस आले. नीलेशने सांगितलं, कुठून आणली आठवत नाही. माझं नाव घेतलं नाही. त्याला लातूरला पाठवून दिलं. मी अजून इथे नोकरीवर आहे.

आता तुम्हाला हे का सांगतो ते नीट वाचा. त्या अर्ध्या तासात माझं तोंड कशाने बंद झालं होतं? पोलिसांची भीती होती. इकाम्याची होती. पण सगळ्यांच्या पुढे तुम्ही उभे होता. दादाला कळेल. भंडारा मोडल्याचं भावकीला कळेल. समोर माणूस आंधळा होत होता आणि मी माझी शपथ झाकत होतो. सहा वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं. शपथेने माझी दारू अकरा दिवसांपलीकडे थांबली नाही. झाकायचं कसब मात्र तिने शिकवलं. शपथ नसती तर मी निदान उघड दारुडा असतो, आणि उघड दारुड्याने डॉक्टरला लगेच सांगितलं असतं.

हे मी मंडळीत सांगितलं. चहा ओतणारा थांबला होता. फैसल म्हणाले, "हमको बोल दिया, अच्छा किया. लेकिन हम नीलेश नहीं है."

म्हणून लातूरला फोन केला. नीलेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अर्धा तास? उदयराव, अर्धा अर्धा तास मी तुमच्या आंघोळीची वाट बघायचो ओ बाथरूमबाहेर." नंतर त्याने शिव्या दिल्या. मराठवाड्याच्या शिव्या, एक एक नांगर घातल्यासारखी. मी ऐकल्या. ठेवायच्या आधी म्हणाला, "पुढच्या शनिवारी करा फोन. इथं सगळे माझ्याशी गोड बोलायला लागलेत. शिव्या द्यायला कुणी तरी पाहिजे."

आज शनिवार आहे. हे लिहून झालं की करणार आहे.

माफी मागत नाही. तुमच्याकडे मागायची नव्हतीच ती.

उदय


जाब्रिया
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दादा,

सुजाताने सांगितलं, तुम्ही पत्र वाचून रानात गेलात आणि दिवसभर जेवला नाहीत. ते ऐकून मीही जेवलो नाही. इथवर आपण भाऊ आहोत.

पण मग निरोप आला की पत्र जाळलं. आणि पुढे, "हे पुन्हा कुणाजवळ काढू नको. बेलभंडारा उचल, सगळं झाकून जाईल."

दादा, तुमच्याच तोंडून आलं. मी तीन पत्रं खरडून जे सांगत होतो ते तुम्ही तीन शब्दांत सांगितलंत. मला झाकायचं नाही.

सुखदाला मी सगळं सांगितलं आहे. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

ती पुण्यात दुकानातून घरी चालली होती. औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी, तिला गाळलेल्या दारूतलं मिथाइलचं विष म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं मी मैत्रिणींना सांगत होते, माझ्या बाबांनी सोडली."

"हो."

"शपथ माझ्यासाठी घेतली होती?"

खोटं बोलायला ही जागा फार सोयीची होती. मी म्हणालो, "नाही. दादांसाठी."

"मग माझ्यासाठी काय केलंत?"

तिने फोन ठेवला. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी दुपारी मेसेज आला, एकच शब्द, "आज?" मी लिहिलं, "नाही घेतली." तेव्हापासून रोज दुपारी तो एक शब्द येतो. त्यात बाबा नसतं. चालेल.

तुम्ही म्हणता, मुलाकडच्यांना कळलं तर लग्न मोडेल. सुखदाने शैलेशला सांगितलं. जावई होणारा मुलगा काय म्हणाला ते तिने मला कळवलंय. "आमच्या मामांचंही असंच होतं. फक्त ते गेल्यावर आम्हाला कळलं." लग्न मोडलेलं नाही. तेव्हा आता माझ्याविषयी गावात झाकून ठेवण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि मला धाक घालायलाही काही राहिलेलं नाही.

पत्रिकेचा फोटो पाहिला. माझं नाव आहे. ते काढलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं आहे.

पंचवीसला उतरतो. घरी येत नाही, तालुक्याला लॉजवर राहीन.

उदय


तालुक्याचं गाव, लॉज
मंगळवार, २५ नोव्हेंबर

दादा,

हे सुजाताच्या हाती देतोय. ती आत्ता समोरच्या खाटेवर बसून मला लिहिताना बघते आहे.

तुमचं शेवटचं बोलणं तिने सांगितलं. भावकी नको, देऊळ नको. घरी, देवघराचं दार लावून, नुसता ताटाला हात लावायचा. तोंडाने काही म्हणायचं नाही. मग तुम्ही बाहेर येऊन सांगाल की उदयने उचलला, आणि कन्यादानाचा पाट माझा.

दादा, तुम्ही खोटं बोलायला तयार झालात. माझ्यासाठी. आयुष्यात तुम्ही खोटं बोललेलं मी ऐकलेलं नाही. ते तिने सांगितल्यावर मी उठून खिडकीशी गेलो आणि बराच वेळ वळलो नाही. वडिलांना झेपेना तेव्हा तुम्ही माझी फी भरलीत, माझ्या जागी मार खाल्लात, मला विमानात बसवलंत. आता माझ्या जागी देवापुढे खोटं व्हायला निघालात.

नाही, दादा. एका घरात तेवढं पुरे झालं.

सुजाता म्हणाली, "अहो, नुसता हात लावायचाय. एवढ्यासाठी पोटच्या मुलीचं कन्यादान सोडणार?"

मी म्हणालो, "सोडणार."

"सुखदाला काय सांगू?"

"तिला मी सांगितलंय. ती म्हणाली, काकांकडून झालं तरी मी त्याच घरात जाणार आहे. तुम्ही शुद्धीत या."

सुजाता एकदम हसायला लागली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्षं पिऊन भांडायचात. शुद्धीत भांडताना आज पहिल्यांदा बघते. जास्तच हेकट आहात."

मग तिने पिशवीतून डबा काढला आणि मला जेवायला वाढलं. सहा वर्षांत तिने असं बोल न लावता वाढलं नव्हतं.

आता माझं ऐका. उद्या चंपाषष्ठी. मी देवळात येणार आहे. माझा देव आहे तो, त्याच्याकडे यायला मला तुमची परवानगी लागत नाही. भावकीने विचारलं तर सांगेन, आज घेतलेली नाही, उद्याचं मला माहीत नाही. नीलेशचंही सांगेन, कुणी विचारो न विचारो. तुम्हाला खाली बघावंसं वाटलं तर बघा. मी बघणार नाही.

संध्याकाळी इथंच तालुक्याला एक मंडळी बसते. फोनवर चौकशी केली आहे. इथंही पाटी नाही. हळदीच्या दिवशीही मी आधी तिथं जाणार आणि मग मांडवात येणार. उशीर झाला तर बोल लावा, शोधायला माणसं पाठवू नका.

कन्यादानाला कोण बसायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही आणि वहिनी बसलात तर मी मांडवात मागे उभा राहीन आणि प्रत्येक मंगलाष्टकाला अक्षता टाकीन. त्या मुलीला तुम्हीच वाढवलंत, तुमचा हक्क माझ्यापेक्षा कमी नाही. मला रडू आलं तर सगळ्यांसमोर रडेन, तेही झाकणार नाही. मांडवाबाहेर मात्र मला कुणी काढायचं नाही.

उद्या पुजारी ताट पुढे करील. मी नमस्कार करीन आणि ताट पुढच्या माणसाकडे जाऊ देईन. भंडारा उधळतील तेव्हा तो माझ्याही डोक्यावर, खांद्यांवर, डोळ्यांत पडेल. तो मी झटकणार नाही. मूठ तेवढी उघडी ठेवीन.

तुमचा धाकटा,
उदय